धुऱ्यावरचं परकं झाड

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर साडूंना त्याचाही संशय असेल. गुडीहत्नूरला त्यांची कापसाची शेती. बासरला निघाले की निर्मलला जातो म्हणून सांगतात. फोन उचलला की समोरचा बोलेपर्यंत श्वाससुद्धा ऐकू येऊ देत नाहीत. आमच्याकडे चहा आला की मी पहिला घोट घेईपर्यंत कपाला हात नाही. एकदा मी सहज विचारलं, "तब्येत कशी आहे?" तर म्हणाले, "काऊन? कोनी काई सांगतलं का?"

पण खरं सांगतो, त्या परक्या झाडाचा शोध लागला तोही या संशयापायीच. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निळ्या फुलांचं एक झुडूप उगवलं. दुसऱ्या कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. साडू त्याच्यासमोर उकिडवे बसले. "चाळीस वर्सं धुरा पाहून राह्यलो. हा पाहुना कोन्या गावचा?" एक डहाळी पंचांगात दाबून ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि शटर अर्धं खाली ओढून मगच ती दाखवली. मला ती साधी रानतुळस वाटली. माझाही त्यांच्यावर विश्वास बेताचाच. पण झेरॉक्सला येणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमनी ती भिंगाखाली धरली आणि त्यांचा आवाजच बदलला. "तुळशीच्याच कुळातलं आहे. बाहेरदेशी सेज म्हणतात ना, त्यातली रानटी जात. भारतात हिची नोंदच नाही! पण मुळासकट झाड आणि उगवलेली जागा पाहिल्याशिवाय नोंद करता येणार नाही."

झालं! 'जागा' म्हटल्याबरोबर साडू सावध. आधी त्यांनी मॅडमना उटनूरच्या रानात पाठवलं, मग बासरच्या नदीकाठी. बिचाऱ्या दोन दिवस उन्हात हिंडल्या. "दादा, शोधणारे म्हणून तुमचं नाव लागेल," त्या म्हणाल्या. "माहं नाव? कोन्या कागदावर?" शेवटी "फुलं गळाली की सगळं गेलं" म्हणताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे साडू विरघळले. घरी बायकोला एवढंच सांगितलं, "उद्या युनिव्हर्सिटीचे पाहुने वावर पाहाले येऊन राह्यले." कशासाठी, ते तिलाही नाही.

मी मॅडमना घेऊन पोचलो तर मेव्हणी पदर खोचून हसतमुखानं उभी. "चार बाया लावल्या अन् सारा धुरा निंदून घेतला. पाहुन्यायनं कचरा काऊन पाहावा?" धुऱ्यावर गवताची काडी नव्हती. कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग जळत होता आणि त्यातून असा काही सुगंध येत होता, की मॅडम तो ढीग विझवायलाच धावल्या. मला वाटलं, आता साडू बायकोवर भडकणार.  पण ते म्हणाले, "तिचं काय चुकलं? म्या सांगतलंच नाही." 

मातीत बी पडलं असेल तर पुन्हा उगवेलही, असं सांगून मॅडम गेल्या. तेव्हापासून साडू रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून धुऱ्यावर नेतात, मॅडमनी काढलेला त्या डहाळीचा फोटो दाखवतात, "असं काई दिसलं त मले सांगजा." गावाला आता भलताच संशय, की यांच्या धुऱ्यात काहीतरी पुरलेलं आहे. दोन पावसाळे गेले. परवा मी गेलो तर धुरा कमरेइतका माजलेला आणि नवरा-बायको त्यात वाकून एकेक रोप निरखत होते. मेव्हणी दरवेळी विचारायची, "हे काढू का?" आणि साडू म्हणायचे, "राहू दे व. कोन हाय, आपल्याले काय ठाऊक."