अव्वाची सकाळची गोळी

'पेशंट सहकार्य करत नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सोलापुरात बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पण या वाक्याची सवय काही झाली नाही. माणूस खाटेवर आडवा झाला की त्यानं सगळ्यांचं ऐकायचं, त्याचं कुणी ऐकायचं नाही, असा जणू कायदाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टी संपवून कामावर आले, तर कोपऱ्यातल्या खाटेवर दुधनीकडची एक म्हातारी. अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन ठरलं होतं, पण बीपी उतरत नव्हतं आणि ते उतरल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर तयार नव्हते. या हाडाचं असं असतं, की जितका उशीर होईल तितकी माणूस पुन्हा पायावर उभा राहण्याची आशा कमी. आदल्याच दिवशी गोळीचा डोस वाढवला होता, तरी बीपी जिथल्या तिथं. चार्ज देताना सिस्टरनं सांगितलं, म्हातारी हट्टी आहे, जेवतसुद्धा नाही, सलाईनवर आहे, अजिबात सहकार्य करत नाही. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीच्या मुलानंही मान डोलावली.

गोळी देण्याचा नियम साधा आहे. हातात गोळी द्यायची, पाणी द्यायचं आणि ती पोटात जाईपर्यंत समोरून हलायचं नाही. प्रत्यक्षात नर्स एक, वॉर्ड गच्च भरलेला, खाटांच्या मधे जमिनीवरही गाद्या. मग गोळी नातेवाइकाच्या हातात टेकवायची आणि ट्रॉली पुढे ढकलायची. माझ्या आधीच्या सिस्टरला मी दोष देत नाही. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात घालून वर सहकार्याच्या गप्पा मारणाऱ्यांना देते.

त्या सकाळी मी मात्र उभी राहिले. म्हातारीनं गोळी तोंडात टाकली, पेला ओठाला लावला, पण गळा काही हलला नाही. तोंड उघडा म्हटलं, तर तिनं ओठ आणखी घट्ट मिटले आणि तिचे डोळे भरून आले. आम्ही पाठ वळवली की गोळी गालातून पदराच्या टोकात जात होती, हे मला तिथंच कळलं. सगळेजण तिच्या पोटात न गेलेल्या औषधाचा डोस वाढवत बसले होते.

रागवायला मी तोंड उघडलंच होतं. पण तिचा हात सारखा छातीपाशी जाऊन काहीतरी चाचपत होता. गळ्यावर दोऱ्याचा जुना वळ होता, दोरा नव्हता. या भागात राहून तो वळ कशाचा ते कळायला वेळ लागत नाही. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "अव्वा, लिंग यल्ली?"

"लेकानं घरी नेलंय," ती म्हणाली. "पूजा झाल्याबिगर मी पाणीबी घेत न्हाय. गोळी कशी गिळू, बाई?"

लिंगायत घरातली जुनी माणसं इष्टलिंग, म्हणजे छोटंसं शिवलिंग, कायम गळ्यात बाळगतात. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात काही घालायचं. म्हातारीनं आयुष्यभर ते पाळलं होतं. दवाखान्यात आणल्यावर एक्स-रेसाठी अंगावरचं सगळं काढा म्हणून सांगितलं, तसं मुलानं कानातल्याबरोबर इष्टलिंगाची चांदीची डबीही काढली आणि गावाकडच्या कपाटात ठेवून आला. मी विचारलं, तर म्हणाला, "हितं चोऱ्या होतात की, सिस्टर. चांदीची हाय ती." त्याला चांदी दिसली, चांदीच्या आत काय आहे ते दिसलं नाही. त्याचा स्वतःचा गळा मोकळा होता, तो त्याचा प्रश्न. पण आईनं त्याला एकदा सांगून पाहिलं होतं. आजारपणात देव चालवून घेतो, असं म्हणून त्यानं विषय मिटवला. तेव्हापासून ती गप्प झाली, आणि हा तिच्या उशाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आईच्या हट्टाच्या गोष्टी सांगत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याला मिळेल त्या गाडीनं गावाकडं पिटाळलं. डॉक्टरांना फोन करून सांगितलं की एकही गोळी पोटात गेलेली नाही, आता वाढीव डोस एकदम गेला तर बीपी फार खाली येईल. त्यांनी डोस पहिल्यासारखा केला.

दुपारी डबी आली. वॉर्डातल्या मावशींनी आणि मी पडदा ओढून अव्वाचं अंग कोमट पाण्यानं पुसून घेतलं. तिनं डाव्या तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली, ओठातल्या ओठात काही पुटपुटली. मी पडद्याशी थांबले. डबी पुन्हा गळ्यात गेल्यावर तिनं आपणहून हात पुढं केला. गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मी काही म्हणायच्या आत तोंड उघडून दाखवलं.

बीपी उतरलं, ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती वॉर्डात चार पावलं टाकू लागली. घरी सोडायच्या दिवशी मुलगा डॉक्टरांना हसत सांगत होता, "आई लई हट्टी हाय. आता कुटं ऐकाय लागली."

माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, "त्या पहिल्यापासून ऐकतच होत्या. तुम्ही त्यांचं एकदा तरी ऐकलंत का?"

अव्वानंच माझा हात धरला. "रागावू नगं, बाई. चोरीला जाऊ न्हाय म्हनून नेलं त्यानं. भोळा हाय." आणि वॉकर सोडून, तोल सावरत, तिनं त्याची कॉलर सरळ केली.

तिनं त्याला माफ केलं. मी केलेलं नाही.