टेबलाखालची ओळ

काम संपलं की दामूबाबा सुतार वस्तू उलटी करायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि ती वस्तू कशानं बिघडली होती, आपण काय केलं, हे खालच्या अंगाला लिहून ठेवायचे. खर्डीपासून मुरबाडपर्यंत कितीतरी पाटांखाली त्यांचं गिचमिड अक्षर सापडेल. "वरती पॉलिश, खालती खरा," म्हणायचे. एका घरी सुनेनं रागानं पाट आपटला होता, तर बाबांनी तेही लिहिलं. सासूनं वाचलं आणि घरात महाभारत झालं. बाबांना त्याचं काही नाही.

त्यांच्या याच खोडीनं एकदा माझा जीव टांगणीला लागला. मी मुरबाडजवळच्या एका बंगल्याची राखण करते. राहते तिथल्याच खोलीत. मालकीणबाई मुंबईला असतात. हॉलमध्ये त्यांच्या आजीचं, फ्रान्सहून आलेलं छोटं टेबल आहे, वर लाकडाच्याच पातळ पापुद्र्यांची फुलं चिकटवलेली. गणपतीत मला दुर्बुद्धी सुचली. बाप्पाला एवढा देखणा चौरंग कुठला मिळणार, म्हणून न विचारता ते खोलीत नेलं. विसर्जनाला कलश उचलला, तर तळातून पाणी पाझरलेलं आणि एक फूल पापडासारखं फुगलेलं. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होत्या. नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही जाणार, हे मला दिसत होतं.

सकाळीच बाबांना रिक्षात घालून आणलं. त्यांनी फुगवट्यावर बोटानं टकटक केली, कान लावला. मग ओलं फडकं पसरून वरून इस्त्री फिरवली. फुलाखालचा जुना सरस ऊब लागली की परत चिकटतो, म्हणाले, आणि वर मसाला वाटायचा दगडी पाटा ठेवला. मी फाटकाकडे बघत बसले. खाली काही लिहू नका, असं दोनदा विनवलं.

पाटा उचलला, तर फूल जागच्या जागी बसलेलं. माझ्या जिवात जीव आला, तोवर बाबांनी टेबल उलटं केलंच! मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सावकाश लिहिलं. मी वाकून वाचलं: 'पानी माज्या हातून सांडला. दामू सुतार.'

"बाबा, हे काय?"

"माजा काय जातो गो? तुला ऱ्हायाला जागा नाय दुसरी."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, लाज नंतर वाटली.

बाबा यंदा उन्हाळ्यात गेले. परवा बाईंनी शहापूरहून पॉलिशवाला आणला. त्यानं टेबल उलटं केलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. बाई चिडल्या. हा सुतार निष्काळजी दिसतो, म्हातारा असेल, हात थरथरत असणार, म्हणाल्या.

बाबांचे हात शेवटपर्यंत थरथरले नव्हते. मी पॉलिशवाल्याकडून पेन्सिल मागून घेतली, 'दामू सुतार' खोडलं आणि बाईंच्या देखत तिथं माझं नाव लिहिलं.