मालकाच्या बाजूची गळती

बोदलकशाचा बिसराम. छप्पन सालापर्यंत या माणसानं मोटारीत पाऊल ठेवलं नव्हतं. तलावाच्या काठाला दोन एकर धान, आणि उरल्या वेळात मासेमारांचे डोंगे दुरुस्त करणं. राळ आणि जवसाचं तेल कढवून फटी बुजवायचा, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. तोंड असं फटकळ, की बायकोसुद्धा बोलायच्या आधी दोनदा विचार करायची. या गृहस्थानं माझी नोकरी वाचवली. कशी, ते ऐका.

मी दुधराम, तिरोड्याच्या केशोराव मालकांचा ड्रायव्हर. मालकांची धानाची मिल होती आणि नागपुरातून घेतलेली एक म्हातारी मोटार होती. मालकांचं वजन किती, देवाशपथ, कोणालाच ठाऊक नाही. मिलच्या काट्यावर चढा म्हणायची कोणाची छाती? पाऊस आला की मागच्या सीटवर मालकांचं धोतर ओलं. "काच उघडी ठेवतं, गधड्या!" खापर माझ्या डोक्यावर.

गोंदियाच्या मिस्त्रीनं रिकाम्या गाडीवर बारा बादल्या ओतल्या. आत थेंब नाही. "गाडी एकदम टनाटन है, सेठजी," म्हणून तो मोकळा झाला. परतीच्या वाटेत सर आली आणि मालक पुन्हा चिंब! त्यांच्या तर अंगाचा तिळपापड झाला. मिलच्या फाटकात, सगळ्या हमालांसमोर मालक गरजले, "आता शेवटचं पाहतो! ज्याची चूक निघन, तो या गाडीतून उतरन अन् पायी घरी जाईन!"

घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरी. मला गाडी हाकण्यापलीकडे काही येत नाही. दुसऱ्या सकाळी सायकल मारत बोदलकसा गाठलं. म्हटलं, पाणी आत शिरते ना? मग डोंगा काय नि मोटार काय!

बिसराम मिलवर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराखालच्या लाकडावर बोटानं टकटक केलं. "पानी येते तवा आत कोन राहते?"

"मालक," मी म्हणालो.

"मंग त्याइले बसवा."

"मी कायले बसू?" मालक भडकले.

"रिकामा डोंगा कधी गळते का, मालक? भरला का गळते. आमच्याकडं ज्याचा डोंगा, त्यालेच आत बसवून पाहतेत."

मालक बसले. गाडी कण्हली आणि एका अंगानं कलली. बिसरामनं मिलमधला बारीक कोंडा मागवून दाराला आणि सीटला भुरभुरला, म्हणजे पाणी जिथून जाईल तिथं रेघ उठेल. मालकांच्या धोतरावरही भुरभुरला. त्याची काही गरज होती का? मुळीच नाही!

"काच लागली हाय का, मालक?"

"लागली हाय," मालक स्वतःच्या तोंडानं बोलले. मी मनातल्या मनात हात जोडले.

हमालांनी टपावर पाणी ओतलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून धार निघाली ती थेट मालकांच्या मानेत! "उतरा," बिसराम म्हणाला. फट बंद. "बसा." बोटभर फट. "उतरा." "बसा." एकदा पाहून भागलं असतं, पण या बदमाशानं तीनदा उठबस करवली. हमाल तोंडात दुपट्टे कोंबून उभे.

"दाराखालचं लाकूड सडून राहिलं," शेवटी तो म्हणाला. "तुमी बसले का तेबी बसते, अन् वरतं फट पडते. ड्रायवरची चूक नाई."

"मंग कोनाची?" मालकांनी विचारलं.

बिसरामनं मालकांच्या पोटाकडे शांतपणे पाहिलं, आणि मग आभाळाकडे.

मालक उतरले. मला वाटलं, आता दोघांचीही खैर नाही. पण ते म्हणाले, "दुधराम, गाडी याच्या घरी ने. बीज्याच्या झाडाचं जाड लाकूड बसवून आन."

"अन् तुमी, मालक?"

"मी काय बोललो होतो काल?" असं म्हणून ते भर बाजारातून, गळ्यापर्यंत कोंडा माखलेले, पायी घरी निघाले. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. असा मालक मिळायला नशीब लागते.

मागं वळून पाहतो तर बिसराम मालकांच्या जागेवर ऐसपैस बसलेला.

"चाल गा, दुधराम," तो म्हणाला. "पाहू, माह्या वजनानं गळते का."