हाकेवरचा पैलवान

पास्कू पैलवानाला एकट्याने काहीही उचलता येत नसे. ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही त्यांना ही थट्टा वाटेल, पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांनाही ती थट्टाच वाटायची. कारण पास्कू दारात उभा राहिला की घरात दिवा लावावा लागे. असा हा गडी विहिरीवर घागर भरून झाली की तिच्याशेजारी उभा राहायचा, इकडे तिकडे बघायचा आणि विचारायचा, “कोन हाय का रे?” मग एखादी परकरी पोर येऊन घागरीच्या काठाला बोट लावायची आणि पास्कू घागर अलगद खांद्यावर घ्यायचा. पोरीने जोर लावावा असं त्याचं म्हणणं नसे. ती असली म्हणजे झालं. “लग्नात नवरीला अंगठी घालाया पन याला गडी लागंल,” असं त्याची आई चारचौघांत म्हणायची आणि पास्कू मान डोलवायचा.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी पुण्याहून वसईला आलो आणि पाचूबंदरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. पास्कूच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. भिंत एकच, त्यामुळे पहाटे त्याच्या जोर-बैठका सुरू झाल्या की माझ्या फळीवरची भांडी वाजायची. तक्रार करायला म्हणून गेलो तर त्याने मला समोर बसवलं आणि विनवलं, “मास्तर, तुमी मोजा. कोन मोजला का मना बरा जातो.” त्या दिवसापासून माझी पहाटेची झोप गेली ती गेलीच. मोजता मोजता मला डुलकी लागली की पास्कू अर्ध्या बैठकीत तसाच थांबून राहायचा. पुढे मी वह्या तपासायला सोबत नेऊ लागलो.

गावात तालीम होती मारुतीच्या देवळामागे. ती चालवायचे वस्ताद. मिठागरावर पहारेकरी म्हणून साताऱ्याकडून आलेले, मिशा पिळदार, बोलणं तिखट. कोळ्यांची हिंदू पोरं आणि ख्रिस्ती पोरं, दोन्ही त्यांच्याच हाताखाली मातीत लोळायची. पास्कू आखाड्यात उतरताना आधी छातीवर क्रूस काढायचा, मग मारुतीच्या पायाला हात लावायचा, मग तांबडी माती कपाळाला. “दोन्हीकडनं आशीर्वाद घेतोस आन् दोन्हीकडनं पडतोस,” वस्ताद म्हणायचे. “लेका, तुझ्या अंगात हत्ती हाय, पर माहूत कुठं दडलाय?” डाव मात्र त्याला सगळे तोंडपाठ होते. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, कुठला कशावर तोडगा, हे तो मला भात कालवता कालवता सांगायचा. शाळेतल्या एका हुशार मुलाची मला आठवण व्हायची, ज्याला घरी सगळं येत असे.

चैत्रातल्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा आणि पास्कू दरवर्षी पडायचा. पडायची पद्धतही ठरलेली. सलामी झाली, खडाखडी झाली, की समोरचा गडी पट काढून त्याचे पाय ओढायचा आणि पास्कू आकाशाकडे बघत मातीत असायचा. उठल्यावर तो आधी जिंकलेल्या गड्याची पाठ झटकायचा आणि काळजीने विचारायचा, “लागला का रे तुना?” एकदा गावकऱ्यांनी त्याच्यासाठी झेंडूचा हार आणून ठेवला होता. पास्कूने तो स्वतःच्या हातांनी जिंकणाऱ्याच्या गळ्यात घातला. “सुकंल नायतर,” म्हणाला.

शेवटी वस्तादांचा धीर सुटला. तालमीची पोरं गळायला लागली होती आणि आजूबाजूच्या गावांत पाचूबंदरची तालीम म्हणजे हसण्याचा विषय झाला होता. जत्रेला महिना उरला असताना त्यांनी सगळ्यांसमोर पास्कूला बजावलं, “यंदा पडलास तर लंगोट खुंटीला. पुन्हा ह्या मातीत पाय ठेवायचा न्हाई.”

त्या संध्याकाळी पास्कू माझ्या ओट्यावर येऊन बसला. पुढ्यात ठेवलेल्या चहाला त्याने हात लावला नाही, तेव्हा मी घाबरलो.

“मास्तर, लोकं मना पैलवान बोलतात. लंगोट गेला तं काय बोलतील?”

“पास्कू म्हणतील. नाव आहे ना तुला.”

“पास्कू तं गावात चार हायत,” तो म्हणाला. “मी त्यातला कोनचा?”

पोरांना रोज प्रश्न विचारणारा माणूस मी, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्याच सुमारास एक होडी तळाला चीर पडून किनाऱ्याला लागली. आमच्याकडे होडी वर काढायची म्हणजे कोणाला बोलवावं लागत नाही. हिराय किनाऱ्यावर उभी राहिली की झालं. हिराय ही कोळिणींतली सर्वांत म्हातारी. तिला दात नव्हते, पण आवाज असा की भरतीच्या गाजेवर चढायचा. ती “हेऽऽऽ” अशी हाक घालायची, दोराला लागलेला सगळा गाव “हैस्सा” म्हणून पाय रोवायचा आणि होडी ओंडक्यांवरून हातभर वर सरकायची. होडी पार भरतीच्या रेषेवर नेऊन, बूड वर करून उलथी घातल्याशिवाय हिराय हाक थांबवत नसे आणि ती थांबल्याशिवाय कोणी दोर सोडत नसे. मी त्या दिवशी प्रथमच पास्कूला दोरावर पाहिलं. सर्वांत पुढे तो होता. हाक आली की त्याच्या पाठीचे स्नायू असे उठायचे की मी तोंडात बोट घातलं. मी त्याला म्हणालो, “अरे, हा जोर आखाड्यात कुठे जातो?” तो गोंधळून म्हणाला, “मी कुठं ओढला? सगल्यांनी ओढला.”

जत्रेत त्याची कुस्ती लागली शेजारच्या नंदाखाल गावच्या बाळूशी. बाळू केळीच्या वाडीत राबणारा, चपळ, शिवाय फडात कधी न पडलेला. पंचांत वस्ताद स्वतः होते. सलामी झाली. पास्कूने नेहमीप्रमाणे गर्दीकडे एकदा पाहिलं, “कोन हाय का” असं विचारल्यासारखं. बाळूने पट काढला. पास्कू गुडघ्यांवर आला, पण यंदा तो बाळूच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून राहिला. ना सुटे, ना हले. डाव आठवायचा प्रयत्न चालला असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. बाळू त्याला उलथवण्यासाठी जिवाचं रान करत होता आणि पास्कूचा एक खांदा मातीला लागत चालला होता. वस्तादांनी मान फिरवली.

बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांतून हिराय तरातरा उठली. कुस्तीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. एक माणूस पाय न रोवता ओढतोय, एवढंच तिला दिसलं आणि तेच तिला सोसलं नाही.

“ए मेल्या, पाय कुठं टाकतंस?” ती ओरडली. आणि मग सवयीने तिने हाक घातली, “हेऽऽऽ”

“हैस्सा,” अख्खं पाचूबंदर म्हणालं. कोणी ठरवून म्हणालं नाही. चर्चचे फादर जत्रेत गूळ-शेंगदाणे खात उभे होते, तेही म्हणाले.

पास्कूचे पाय मातीत रुतले. दुसऱ्या हाकेला तो उभा होता. तिसऱ्या हाकेला बाळू पोटावर आडवा झाला होता आणि पास्कू त्याची कंबर धरून मागे मागे चालत होता. इथवर सगळं कुस्तीसारखं होतं. पण हिराय थांबली नाही, म्हणून गाव थांबलं नाही, आणि गाव थांबलं नाही म्हणून पास्कूही थांबला नाही. बाळू आखाड्याबाहेर आला. होडीसाठी ओंडक्यांची वाट करावी तशी गर्दीने वाट करून दिली. बाळू शेव-चिवड्याच्या दुकानावरून गेला, फुगेवाल्यावरून गेला, “अरे सोड की” असं म्हणत चढावरून देवळाच्या पायरीपर्यंत गेला. तिथे हिराय एकदाची थांबली. पास्कूने मग होडीच्या रीतीप्रमाणे बाळूला उलथा घातला. त्याची पाठ टेकली. एवढ्यावर न थांबता पास्कूने देवळातले दोन नारळ उचलून होडीला लावतात तसे त्याच्या दोन्ही बाजूंना टेकण लावले, कलंडू नये म्हणून. नंतर भानावर आला आणि विचारलं, “लागला का रे तुना?”

असा गोंधळ त्या फडाने कधी पाहिला नसेल. नंदाखालची मंडळी म्हणत होती कुस्ती आखाड्याबाहेर झाली. आमची मंडळी म्हणत होती पाठ टेकली ती टेकली. बाळूला विचारलं तर तो नारळांच्या मधूनच म्हणाला, “मी पडलो हे खरं. पण एका गड्याकडून नाही पडलो, ते आधी लिहून घ्या.” सगळे वस्तादांकडे बघू लागले. वस्ताद घामाने भिजले होते. त्यांनी हयात मातीत घालवली होती आणि शिष्यासाठीही खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

“कुस्ती एकाची एकाशी असती,” ते शेवटी म्हणाले. “हितं गाव उतरलं. जोड सोडवली. कोन जिंकला न्हाई.” मग खालच्या आवाजात पास्कूला म्हणाले, “पडला न्हाईस तेवढं खरं. लंगोट ऱ्हाऊ दे तुझा.”

पास्कू हसत होता. इतकी वर्षं मी त्याला पडून उठताना हसताना पाहिलं होतं, पण हे हसू निराळं होतं.

“नको वस्ताद,” तो म्हणाला. “मी एकल्याचा गडी नाय. मना आता कलला, मी कोन हाय त्यो.” आणि लंगोट परत करायचा म्हणून त्याने तिथल्या तिथे गाठीला हात घातला. समोर बायका, पायरीवर हिराय, शेजारी फादर. वस्तादांनी धावत जाऊन डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याच्या कमरेला गुंडाळला. जिंकणाऱ्याला बांधतात तो मानाचा फेटा पाचूबंदरला मिळाला तो असा.

लंगोट खुंटीला लागला, पण पास्कू काही तालमीतून गेला नाही. तो आखाड्याच्या हौद्याच्या कडेला बसून पोरांच्या जोर-बैठकांना हाक घालू लागला. पहिल्या दिवशी वस्तादांनी कानांवर हात ठेवले. पुढच्या चैत्रात आमची पोरं तीन कुस्त्या जिंकून आली, तेव्हा त्यांनी हात काढले आणि एक दिवस तेही “हैस्सा” म्हणाले. साताऱ्याकडच्या माणसाला तो शब्द नीट जमत नव्हता. गावातल्या बाकी पास्कूंना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारत. याला मात्र सगळे पैलवानच म्हणत राहिले, त्याने एकही कुस्ती जिंकलेली नसताना.

माझी बदली पुण्याला झाली तेव्हा माझ्याकडे सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पास्कू ट्रंकेजवळ आला, इकडे तिकडे बघू लागला. मी ओळखलं आणि म्हणालो, “पैलवान, पुस्तकंच आहेत रे, मी धरतो एक बाजू.” पण तोवर गल्ली जमली होती. त्या ट्रंकेला एवढे हात लागले की पत्रा दिसेनासा झाला. हिरायने हाक घातली. मी मागून रिकाम्या हातांनी चालत होतो, आणि मास्तर म्हणून फार लाज वाटत होती. टांगेवाल्याला वाटलं आत तिजोरी आहे. टांगा निघाला तेव्हा पास्कू म्हणाला, “तिकडं उतरवाया कोनतरी बगा हां मास्तर.”

दादरला गाडी बदलायची होती. एक हाडकुळा हमाल आला, त्याने ट्रंक एकट्याने उचलली, डोक्यावर ठेवली आणि चालू लागला. कोणाला विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. मी त्या फलाटावर उभा राहून रडलो.