बोटीचा काय झाला?

काल इंजेक्शनआधी नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला एकदम गोष्टीचं पुस्तक आठवलं.

माझ्या लहानपणी मांडवीत नगरपालिकेला दोन जागांचा खर्च झेपेना, म्हणून दवाखाना आणि वाचनालय एकाच खोलीत आले. मध्ये नुसता पडदा होता.

एकदा मी जहाजावरून निवृत्त झालेल्या शेजारच्या चाचांना वादळात सापडलेल्या बोटीची गोष्ट वाचून दाखवत होते. पडद्याआडून नर्सबाईंनी चाचांचा नंबर पुकारला. मी पुस्तक मिटलं.

"थांब गो बाय, त्या बोटीचा काय झाला ता आधी वाच," चाचा म्हणाले.

नर्सबाई भरलेली सिरिंज घेऊन बाहेर आल्या आणि ऐकता ऐकता बाकावरच टेकल्या.

पुढे ती एक खोलीही परवडेना. बंद झाली. चाचांना नेमकं झालं काय होतं, याचं कुतूहल मला आज वाटतं. तेव्हा आम्हा तिघांनाही बोटीचंच पडलं होतं.