दोन मुठी काजूगर

खांदा आखडला की बाईचं पहिलं जातं ते केस बांधणं. मग फळीवरचा डबा काढणं. भाकरी थापता येते, भांडी घासता येतात, त्यामुळे घरात कुणाला ते दुखणं वाटतच नाही. सात-आठ महिने अंगावर काढून अशा बाया आमच्याकडे यायच्या. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या तळघरात आमचा फिजिओथेरपीचा विभाग होता. दोन खाटा, बोटांनी चढायची भिंतीवरची लाकडी शिडी, छताला टांगलेली कप्पी, आणि शेक द्यायचं एक मशीन, जे दुपारनंतर तापेनासं व्हायचं. साल दोन हजार तीन असावं. मी चोवीस वर्षांची होते आणि संध्याकाळी माझे अंगठे इतके ठणकायचे की भाकरीचा तुकडा मोडणं नको वाटायचं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं, आणि रविवारी मालकाच्या परवानगीनं चळवळीची पत्रकं. नव्वदच्या दशकातले माझे बहुतेक रविवार गुलाबी आणि पिवळ्या कागदांच्या चळती लावण्यात गेले. जयंतीच्या मिरवणुकीत, स्टँडवर, गिरणीच्या दारात मी ती वाटली आहेत. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. ज्याला कदाचित वाटतं त्यानं घरी बसावं. मला तो नियम फार आवडायचा. अन्याय दिसला की लिहायचं, लिहिलं की वाटायचं, यापलीकडे माणसानं दुसरं काही करायचं असतं असं मला वाटत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या विभागात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज इतका हळू की मागच्या बाकावर ऐकू यावं म्हणून पंखा बंद करावा लागला. फिजिओथेरपिस्टला मानसोपचाराच्या पहिल्या चार पायऱ्या तरी याव्यात, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही मनाचे डॉक्टर नाही आणि होऊही नका, त्या म्हणाल्या. पण पेशंटला रोज अर्धा तास हात लावणारी माणसं तुम्हीच, तेव्हा तो बोलणार तुमच्यापाशीच. विचारा आणि मग गप्प बसा. सल्ला द्यायची घाई करू नका. सांगितलेलं ज्याचं त्याचं असतं, ते बाहेर नेऊ नका. झेपेनासं झालं तर योग्य ठिकाणी पाठवा.

आम्हाला व्यायाम करून घेताना त्यांनी पाहिलं. आम्ही सगळे मोठमोठ्यानं आकडे मोजत होतो. एक, दोन, तीन, दहापर्यंत धरा, सोडा. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलायला जागाच ठेवत नाही. मोजायचं काम पेशंटला द्या. आणि मोजता मोजता तो थांबला, तर पुढचा आकडा तुम्ही सांगू नका.

मला ते सगळं फार मिळमिळीत वाटलं. मी उठून भांडले. एखादीनं माझ्यापाशी तिच्यावरचा अन्याय सांगितला तर मी काय नुसती मान हलवू? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिला विचारा." मी थांबले, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. माझ्या वहीत मी ते वाक्य लिहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आजऱ्याकडची एक बाई आली. पंचेचाळिशीची, काजूच्या शेडमध्ये काम करणारी. बोटांची टोकं काजूच्या तेलानं काळी पडून सोलवटलेली. डावा खांदा पक्का धरलेला, हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नव्हता. उपचारांसाठी ती कोल्हापुरात बहिणीकडे येऊन राहिली होती. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची. पहिले बारा दिवस मी तिला शिडीपाशी उभी करून तेच तेच सांगत राहिले. हात वर. अजून वर. अजून. ती दात खाऊन करायची आणि हात तिथंच थांबायचा.

तेराव्या दिवशी मी फार दमले होते. मोजायचासुद्धा कंटाळा आला होता. म्हणून तिला कुशीवर निजवलं, भिंतीकडे तोंड करून, खांद्यामागचं फऱ्याचं हाड धरलं आणि म्हटलं, मावशी, आज आकडे तुम्ही मोजा. तिनं पाचदा दहापर्यंत मोजलं. सहाव्या वेळी ती सहावर थांबली. सात माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

बऱ्याच वेळानं ती भिंतीला सांगितल्यासारखी बोलू लागली. शेड सुटताना फाटकावर झडती व्हायची. बायका रांगेनं उभ्या, दोन्ही हात वर, आणि ओच्यात, चोळीत काही लपवलंय का हे चाचपायला एक बाई ठेवलेली. हिची थोरली लेक तेव्हा पोटुशी होती, पहिल्या खेपेची. तिला काजू खावासा वाटला. वीस वर्षं काजू सोलणाऱ्या बाईच्या घरात काजू नव्हता. हिनं मूठभर गर ओच्यात बांधले आणि ते सापडले. मुकादमानं तिला फाटकाशी हात वर करून उभं केलं, शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत. ती कामावर जात राहिली, कारण दुसरीकडे काम नव्हतं. दोन महिन्यांत खांदा धरला.

त्यामुळेच धरला असं मी म्हणत नाही. त्या वयात खांदे असेही धरतात. पण बारा दिवस मी तिला फाटकावरचेच शब्द ऐकवत होते, हे मला कळलं.

"बघितलं समद्यांनी," ती म्हणाली, "पर माझ्या तोंडानं आज पयल्यांदा सांगतो."

मग तिनं स्वतःच सात म्हटलं. पुढचे चार दिवस हात थोडा थोडा वर गेला. मी 'हात वर' म्हणणं सोडलं होतं. नुसतं म्हणायचे, जाईल तेवढा जाऊ दे.

आणि त्याच रविवारी मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. झडतीबद्दल, फाटकाबद्दल, वर धरलेल्या हातांबद्दल. नाव घातलं नाही. पण खांदा घातला, कोल्हापूरचे उपचार घातले, पोटुशी लेक घातली. आणि लिहिलं की एका कष्टकरी बाईवर चोरीचा खोटा आळ घेतला गेला. पत्रकाला निर्दोष बाई लागते. गर घेतले असं लिहिलं, तर वाचणारा दुसऱ्या ओळीला मालकाच्या बाजूला जाऊन बसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं.

वडिलांनी ते चष्मा लावून वाचलं. "शब्दन् शब्द खरा?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. गुलाबी कागदावर छापलं आणि आजऱ्याच्या बाजारात वाटलं. वाटताना मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

पत्रक वाटल्यावरच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. बहीण निरोप देऊन गेली की ती गावी गेली. आठवडे गेले. बाकीचे खांदे, गुडघे, कंबरा येत होत्या, मी त्यांना वाकवत होते, आणि दार वाजलं की मान वळवत होते.

तीन आठवड्यांनी ती आली. पिशवीतून गुलाबी कागद काढून तिनं खाटेवर पसरला. धाकट्या लेकीकडून दोनदा वाचून घेतला होता म्हणे.

"हे तुमीच लिवलंय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"खोटा आळ म्हटलंय ह्यात."

"तसं लिहावं लागतं, मावशी."

"कुणाला लागतं?"

ती खाटेच्या कडेला बसली.

"मी घेतलते की गर. लेकीसाठनं घेतलते. समद्या शेडनं बघितलंय. आता बायका म्हणत्यात, कोल्हापूरला जाऊन लई साळसूद झाली. लेकीची सासू इचारती, खरं काय म्हणून. इतक्या दिसांनी एकदा खरं बोललो बाई, त्ये बी तुमी खोटं करून ठेवलासा."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही, कळलं नाही. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. विचारलं, मी आता काय करू? दुसरं पत्रक काढू का, खरं लिहून?

"काय बी काढू नगासा," ती म्हणाली. कागदाची घडी घातली. "कागुद मातर झ्याक हाय. भजीवाल्यानं गठ्ठाच नेलाय बांधायला." आणि ती कुशीवर निजली. "धरा आता. आलोय त्ये खांद्यासाठनं."

खांदा पुन्हा आखडला होता. आम्ही जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली. आकडे तीच मोजायची. दहाच्या दहा, न थांबता, प्रत्येक वेळी. दोन महिन्यांत ती सहावर कधी थांबली नाही, पाचवर नाही, कुठंच नाही. शेवटच्या दिवशी तिनं माझ्यासमोर दोन्ही हात मागं नेऊन बुचडा बांधला, तोंडात धरलेला केसांचा आकडा खोचला आणि येतो म्हणाली. कागदोपत्री माझ्या बऱ्या झालेल्या खांद्यांत तो खांदा आहे.

पुढे ऐकलं की त्या शेडमधली झडती फाटकावरून आत हलली, पडद्यामागे. पत्रकामुळे हलली असं वडिलांच्या मित्रांनी कौतुकानं सांगितलं. असेलही. बाकीच्या बायकांना बरं पडलं असेल. तिला मात्र त्या शेडनं परत घेतलं नाही, ती दुसरीकडे सोलायला जाऊ लागली. मी वडिलांना खरं काय ते सांगितलं. उरलेली पत्रकं त्यांनी सकाळी पाणी तापवायच्या बंबात जाळायला घातली आणि आंघोळीला गेले.

पत्रकं मी अजून लिहिते. पण पहिल्यासारखी एका बैठकीत होत नाहीत. एकेक वाक्यापाशी तो प्रश्न येतो, कुणाला लागतं, आणि मी दमते. ज्या गोष्टींची मला खात्री होती त्यांची अजूनही आहे. फक्त ती खात्री दिवसभर अंगावर बाळगणं आता जड जातं.

हे लिहून झाल्यावर मी आजऱ्याला गेले. ती अंगणात दोरीवर लुगडी वाळत घालत होती. सवयीनं मी हाताचा कोन बघितला. शेवटचं थोडं राहिलंय, कायमचं. तिनं मला ओळखलं, चहा टाकला. मी म्हटलं, मावशी, तुमच्याबद्दल लिहिलंय, नाव न घालता. तुम्ही नको म्हटलं तर फाडून टाकते. तिनं कप पुसून खाली ठेवला.

"लिवा. पर घेतलते म्हणून लिवा."

मग तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी सगळं वाचलं. झडतीच्या जागी तिनं मला थांबवलं.

"मूठभर न्हवं," ती म्हणाली. "दोन मुठी व्हत्या."