तात्यांचा जॉइंट

केबल जोडण्यात तात्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे सांगायला तात्यांना दुसरं कोणी लागतही नसे. तेल-कागदाच्या जुन्या केबलींवर त्यांची हयात गेली. जॉइंट झाला की तपासायला डीसी सेट लावायचा, विजेचा सणसणीत दाब द्यायचा. टिकली तर केबल ठणठणीत. पुढे जमिनीतल्या केबली प्लास्टिकच्या झाल्या, तात्या मात्र होते तिथेच राहिले.

त्या दिवशी इंजिनिअरबाईंनी बजावलं होतं, "तात्या, ही केबल म्हातारी आहे. पाणी मुरून तिच्या प्लास्टिकला आतून बारीक फांद्या फुटल्यात. तुमचा डीसी दाब त्यांच्यात अडकून बसतो. टेस्टला केबल टिकते आणि लाइन चालू केली की फुटते. उद्या दुसरं मशीन येतंय, तोवर थांबा."

तात्यांनी मान डोलावली. बाईंची पाठ वळताच डीसी सेट लावला. केबल टिकली. तात्यांनी मिशीला पीळ भरला आणि पलीकडच्या वीजकेंद्राला लाइन चालू करायला सांगून टाकलं.

लाइन चालू होताना जॉइंटरनं जॉइंटच्या खड्ड्याशीच बसायचं, ही तात्यांनी पाडलेली रीत. आपल्या कामाची आपल्याला भीती नाही, हे चारचौघांना दिसायला नको? पण आज गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांच्या जागी जावई बसला. तोही जॉइंटर, सासऱ्याच्याच हाताखाली तयार झालेला.

तात्या स्विचरूममध्ये थांबले. मीटरचा काटा वर चढला, लाइन चालू झाली. तेवढ्यात बाई आत आल्या. सेटच्या वायरी पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"तात्या! खड्ड्यावर कोण आहे?"

"जावई," म्हणता म्हणता तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

लाइन तिकडूनच बंद होणार होती, म्हणून बाई केंद्राला फोन लावू लागल्या. तो लागेना. तात्यांनी जावयाला लावला.

"ऊठ तिथून! लांब हो!"

"काय तात्या, चेष्टा करताय! जॉइंट तुमचा आहे. बिनघोर फळीवर बसलोय, खड्ड्यात पाय सोडून."

अडकलेला दाब, केबलचं म्हातारपण, हे सगळं समजावत बसायला वेळ कुठे होता? आणि समजावून तो उठला असता थोडाच. असला हट्टी त्याला तात्यांनीच केला होता. जन्मात कधी न उच्चारलेलं एकच वाक्य आता कामाला येणार होतं.

"जॉइंट कच्चा राहिलाय रे! माझ्या हातून चुकलंय. पळ!"

पलीकडे फळी आपटली. पावलं वाजली. मग धडाम झालं आणि फोन मुका झाला. लेकीला आता काय तोंड दाखवायचं? तात्या गुडघे विसरून धावत सुटले.

जावई रस्त्याकडेला बसला होता, मातीनं माखलेला, पण धडधाकट. खड्ड्यातून धूर निघत होता. केबल जॉइंटपासून चार हात अलीकडे फुटली होती, बरोबर तो बसला होता तिथे.

"तात्या, जॉइंट शाबूत आहे की!" जावई हसत म्हणाला. "उगाच घाबरलात. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

"चुकलंय. केबल मीच फोडली," तात्या म्हणाले. जावयाला ते सासऱ्याचं मोठेपण वाटलं. तात्या मटकन खाली बसले आणि त्याचे दोन्ही पाय चाचपू लागले. तो संकोचून पाय मागे ओढत राहिला, तात्यांनी ते सोडले नाहीत.